घरचं चायनीज : तेल-मिठाचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमातील भाषण. भाषणानंतर अनेक भगिनींनी प्रमाणं लिहून मागितली, म्हणून ती स्मरणिकेसाठी जरा सविस्तर दिली आहेत.)



माझं नाव आणि विषय नोटीस बोर्डावर लागला तेव्हा लिफ्टमध्ये मला तिघांनी विचारलं, "काका, बँकेच्या माणसाने चायनीजवर काय बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. मी काही आचारी नाही आणि डॉक्टरही नाही. पण बँकेत उभी हयात गेली ती एकाच कामात. समोर आलेल्या कागदावर किती दाखवलंय ते बघायचं आणि खरं किती आहे ते शोधायचं. चायनीजच्या डब्याचंही तसंच आहे. वरून लालचुंदर दिसतं, आत काय जमा आणि काय खर्च, ते कुणी विचारत नाही. मी ते विचारायला लागलो, वहीत मांडायला लागलो, आणि निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात थोडी लुडबुडही करायला लागलो. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

शनिवारी संध्याकाळी आपल्या गेटवर दहा मिनिटं उभं राहिलं तर दिसतं. एकामागून एक पार्सलवाले येतात, वॉचमन रजिस्टर भरून दमतो आणि लिफ्टमध्ये लसूण आणि सोया सॉसचा वास रात्री अकरापर्यंत दरवळतो. मला त्या वासाचा राग नाही, उलट तोंडाला पाणी सुटतं. पण ही सोसायटी उभी राहिली तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण पंचेचाळीस-पन्नाशीचे होते. आज आपण सत्तरीत आहोत. इमारतीच्या पंचवीस वर्षांचा हिशेब आपण स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतला. माणसांचं ऑडिट मात्र राहून जातं. अशी किती घरं आहेत की जिथे औषधाच्या डब्यात रक्तदाबाची गोळी नाही?

यात मला खरी बोच लागली ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या सौ.ना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. तेव्हापासून शनिवारी नातवंडं आली की ती एका बाजूला डबे उघडून बसायची, आणि आजी दुसऱ्या बाजूला मुगाची खिचडी घेऊन. धाकटी नात एकदा म्हणाली, "आजी, तू आमच्यातलं का नाही खात?" आजी म्हणाली, "मला नाही गं आवडत." वास्तविक तिला आवडतं, चांगलं आवडतं. एकाच टेबलावर दोन पंगती पडल्या, हे मला बघवेना. पथ्य पाळायचं म्हणजे माणसाने घरातल्या घरात वेगळं बसायचं का? तेव्हा ठरवलं, की जे मुलं खातात तेच आजीला खाता येईल असं करायचं. माझं आजचं भाषण एवढ्याचसाठी आहे.

आता आधी हे चायनीज आलं कुठून ते थोडक्यात बघू.

अठराव्या शतकाच्या अखेरीस एक चिनी गृहस्थ कलकत्त्याजवळ उतरले आणि त्यांनी तिथे साखरेचा कारखाना काढला. त्यांच्या नावावरून त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. पुढे आणखी चिनी कुटुंबं आली, त्यांत हक्का समाजाची बरीच होती. त्यांनी कलकत्त्याच्या टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने काढले आणि मग खाणावळीही काढल्या. आपण ज्याला 'हक्का नूडल्स' म्हणतो तो हक्का शब्द या लोकांचा. बंगालमधली गिऱ्हाइकं तिखट-मसाला मागणारी, म्हणून त्यांनी आपल्या रांधपात हिरवी मिरची, आलं-लसूण वाढवलं. चिनी कढई आणि हिंदुस्थानी जीभ यांचा संसार असा सुरू झाला.

मंचुरियनची गोष्ट तर आपल्या मुंबईची आहे. नेल्सन वँग हे कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणला, असं सांगितलं जातं. तेच चिकन मंचुरियन. मग आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींसाठी कोबी आणि फ्लॉवरचे गोळे आले. मंचुरिया नावाचा प्रदेश चीनच्या ईशान्येला आहे खरा, पण तिथे जाऊन मंचुरियन मागितलंत तर कुणाला कळणार नाही. आणि 'चायनीज भेळ' किंवा 'ट्रिपल शेजवान' हे तर अस्सल आपल्याकडचे प्रकार, त्यांचं चीनशी सुतराम नातं नाही.

शेजवान शब्दाचीही एक गंमत सांगतो. चीनमध्ये सिचुआन नावाचा प्रांत आहे, त्यावरून हे नाव पडलं. तिथल्या जेवणाचा खरा प्राण म्हणजे एक मिरीसारखं फळ, जिभेला झिणझिण्या आणणारं. ते फळ कुणाचं सख्खं भावंड आहे? आपल्या कोकणातल्या तिरफळाचं! दोन्ही झाडं एकाच वनस्पतीकुळातली आणि एकाच प्रजातिगटातली. बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ आपली आजी घालायची, त्याचाच चुलतभाऊ सिचुआनमध्ये कढईत पडतो. आणि आपल्या बाटलीतल्या शेजवान चटणीत मात्र तो बहुधा नसतोच, असते ती लाल मिरची आणि लसूण.

हे सगळं सांगायचं कारण असं, की हा पदार्थ परक्यांकडून आलेली पोथी नाही. गेल्या पन्नास वर्षांत आपल्याच गल्ल्यांत तो घडला आहे. तेव्हा त्यात फेरफार करायचा अधिकारही आपला आहे. "असं केलं तर ते खरं चायनीज राहणार नाही" अशी भीती बाळगायचं कारण नाही, कारण मुळात ते तसं नव्हतंच.

आता हिशेबाकडे येतो. डब्यात आपल्याला अपायकारक काय असतं? मी चार खाती काढली.

पहिलं खातं मिठाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोसुद्धा पूर्ण नाही. यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळं आलं, लोणचं-पापडही आलं. आता साधा सोया सॉस घ्या. पोहे खायचा एक मोठा चमचा सॉस, म्हणजे पंधरा मिलिलिटर, त्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ असतं. दोन चमचे पडले की दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा संपला! त्यावर चिली सॉसमधलं मीठ, चटणीतलं मीठ आणि पुन्हा आचाऱ्याने वरून टाकलेली चिमूट. हे मीठ जिभेला खारट लागत नाही, कारण सोबत साखर आणि आंबट असतं. खात्यातून पैसे जातात आणि पासबुकात नोंद दिसत नाही, असा हा प्रकार आहे.

दुसरं खातं तेलाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत दिवसाच्या ताटासाठी तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे. मंचुरियनचा गोळा आधी बुडवून तळतात, मग पुन्हा तेलाच्या फोडणीत घोळवतात. म्हणजे तेलावर तेल. शिवाय तेच तेल किती वेळा तापवलं, हा प्रश्न वेगळाच. पुनःपुन्हा तापवलेलं तेल खराब होतं, म्हणून १ जुलै २०१८ पासून सरकारने त्याला कायद्याने मर्यादा घातली आहे. तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स' पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. पण रस्त्यावरच्या कढईत रोज कोण मोजायला जातो?

तिसरं खातं रंगाचं. तो भडक लाल रंग मिरचीचा नसतो. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कारण तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग सापडले होते. त्याच सुमारास गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बडगा उगारला. घरी करताना हे खातं आपण सरळ बंदच करून टाकायचं. बेडगी मिरची आणि टोमॅटो यांचा रंग पुरेसा होतो.

चौथं खातं अजिनोमोटोचं. यावर माझं मत जरा वेगळं आहे. १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ही चव शोधून काढली. ग्लुटामेट हा पदार्थ टोमॅटोत असतो, मशरूममध्ये असतो, आईच्या दुधातही असतो. ते विष आहे असं जे सांगतात त्याला फारसा आधार नाही. अमेरिकेची अन्न व औषध संस्थासुद्धा सर्वसाधारणपणे सुरक्षित अशाच वर्गात ते धरते. आपल्याकडे पाकिटावर एवढी सूचना असते, की बारा महिन्यांखालच्या बाळाला ते देऊ नये, आणि ती पाळावी. मग आक्षेप कशाला? आक्षेप इतकाच, की अजिनोमोटोवर सगळा राग काढून आपण मोकळे होतो. "विदाउट अजिनोमोटो द्या" म्हणायचं आणि डबाभर तेल-मीठ सुखाने खायचं! मोठा थकबाकीदार सोडून लहान खातेदाराच्या मागे लागण्यासारखं आहे ते. घरी मात्र त्याची गरजच पडत नाही. टोमॅटो आणि मशरूम घातले की ती चव आपोआप येते.

आता प्रत्यक्ष कृती. मापं चौघांसाठी आहेत. 'चमचा' म्हणेन तो चहाचा, पाच मिलिलिटरचा. 'मोठा चमचा' म्हणेन तो पोहे खायचा. आणि अंदाजाने बाटली उलटी करायची नाही. सॉस चमच्यातच ओतायचा, मग कढईत. सगळं पथ्य या एका सवयीत आहे.

आधी तीन गोष्टी तयारीच्या.

एक, कढई. लोखंडी कढई घ्या, तिला तोड नाही. नॉनस्टिक भांडं फार तापवायचं नसतं, आणि या स्वयंपाकाला तर कडक आच लागते. हॉटेलातली शेगडी आपल्यापेक्षा कितीतरी जोरदार असते. आपल्या गॅसवर चौघांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते, भाजीला पाणी सुटतं आणि भाजी परतली जाण्याऐवजी शिजते. म्हणून दोघादोघांचं, दोन घाण्यांत करायचं. वेळ पाच मिनिटं जास्त लागतो, चव मात्र फार बदलते.

दोन, चिराचिरी. कढई तापवण्याआधी सगळं चिरून ताटात रांगेने मांडून ठेवायचं. कांदा, गाजर, फरसबी, कोबी, ढोबळी मिरची, पातीचा कांदा. कढईत टाकायचा क्रमही तोच. घट्ट भाज्या आधी, नाजूक नंतर, पात अगदी शेवटी. पुरुषमंडळींनो, फरसबी चिरण्याचं काम आपल्याला उत्तम जमतं. टीव्हीवर मॅच बघत बसूनही होतं.

तीन, भात. फ्राइड राइसला गरम भात चालत नाही, त्याचा गोळा होतो. आंबेमोहोर नको, तो चिकट. कोलम किंवा जुना बासमती घ्या. भात मोकळा शिजवून परातीत पसरायचा आणि वाफ गेली की तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा. हे 'तासाभरात' मी मुद्दाम सांगतोय. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात काही जंतू वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शिळा भात परतायचा असेल तर तो फ्रिजमधलाच हवा, ओट्यावरचा नको.

आता फ्राइड राइस. दीड वाटी तांदळाचा भात आणि चार वाट्या चिरलेल्या भाज्या. हॉटेलात भाताला तोंडी लावण्यापुरती भाजी असते. आपण भाजी भरपूर घ्यायची. मधुमेह असलेल्यांनी भात आणखी कमी करून त्यात अंडं, पनीर किंवा वाफवलेले मोड आलेले मूग घालावेत. तेल चार चमचे, म्हणजे माणशी एक. कढई चांगली तापली की तेल, त्यात ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची, दहा सेकंदच. मग भाज्या क्रमाने, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं. दाताखाली कुरकुरीत लागल्या पाहिजेत. मग भात मोकळा करून घालायचा. एका वाटीत आधीच कालवून ठेवायचं मिश्रण असं : दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, दोन मोठे चमचे पाणी आणि सढळ हाताने मिरपूड. सॉसमध्ये पाणी घातल्याने तो सगळ्या भाताला सारखा लागतो आणि कमी पुरतो. हे कढईच्या कडेने सोडायचं, दोनदा परतायचं, पात भुरभुरवायची, गॅस बंद. वरून मीठ अजिबात नाही.

आता मंचुरियन. इथे आपलं अस्त्र म्हणजे आप्पेपात्र! दोन वाट्या किसलेला कोबी, एक वाटी गाजर, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, मिरपूड. कोबी हाताने घट्ट पिळून घ्या आणि ते पाणी फेकू नका, पुढे रस्स्यात घालायचं आहे. मैद्याऐवजी चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. मीठ पाव चमचा, आणि तेही अगदी शेवटी, कारण मीठ पडलं की कोबीला पुन्हा पाणी सुटतं आणि मग पीठ वाढवावं लागतं. लगेच गोळे वळायचे. आप्पेपात्राला थेंब थेंब तेल, सगळ्या गोळ्यांना मिळून दोन चमचे पुरतात. झाकण ठेवून मध्यम आचेवर पाच मिनिटं, मग उलटून झाकणाशिवाय पाच मिनिटं. बाहेरून खरपूस होतात. तळलेल्यासारखे तंतोतंत होतात असं मी म्हणणार नाही, पण रस्स्यात पडल्यावर ओळखणारा विरळाच.

रस्स्यासाठी तेल तीन चमचे. लसणाच्या दहा पाकळ्या, आलं, मिरची, कांदा आणि ढोबळी मिरचीचे चौकोन, अर्धी वाटी टोमॅटोचा रस, चार-पाच मशरूम असतील तर बारीक चिरून. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, कोबीचं राखून ठेवलेलं पाणी धरून दोन वाट्या पाणी. उकळी आली की एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घाला. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होतात. रस्सा तकतकीत झाला की गॅस बंद. गोळे मात्र ताटात वाढायच्या वेळीच सोडायचे, आधी सोडले तर ते सगळा रस पिऊन मऊ पडतात.

शेजवान चटणी बाटलीची नको. पंधरा बेडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. वीस लसणाच्या पाकळ्या, बोटभर आलं आणि मिरच्या भरड वाटा. दोन मोठे चमचे तेलात मंद आचेवर परता, अर्धा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा व्हिनेगर. आणि आता तिरफळ! तीन-चार तिरफळांची आतली काळी बी काढून टाका, नुसती टरफलं किंचित भाजून ठेचा आणि चटणीत घाला. जिभेवर जी हलकी झिणझिणी येते ती खऱ्या सिचुआनची, आणि सामान आपल्या सावंतवाडी-मालवणचं. चटणी फ्रिजमध्येच ठेवायची आणि आठवड्यात संपवायची.

मांचाव सूपवर तळलेल्या नूडल्स घालतात ना, त्याऐवजी पातळ पोहे कोरडे भाजून कुरकुरीत करून घाला. मुलांना आधी सांगू नका. खाऊन झाल्यावर सांगा.

आता बँकेच्या सवयीप्रमाणे ताळेबंद मांडतो. फ्राइड राइस आणि मंचुरियन मिळून तेल नऊ चमचे, चौघांत वाटलं तर माणशी सव्वादोन. दिवसाच्या सहा चमच्यांतले सव्वादोन म्हणजे एका जेवणाला बिनधोक. सोया सॉस एकूण चार चमचे, त्यातलं मीठ साधारण तीन ग्रॅम. गोळ्यांतलं पाव चमचा मीठ धरून साडेचार. चौघांत वाटल्यावर माणशी एक ग्रॅमच्या थोडं वर. चटणी चमचाभर घेतलीत तर त्यात किंचित भर. म्हणजे पाच ग्रॅमांपैकी चार ग्रॅमांच्या आसपास बाकीच्या दिवसाला शिल्लक राहतात. पार्सलच्या डब्याबरोबर असा हिशेब मांडताच येत नाही, कारण आत काय पडलंय हेच आपल्या हातात नसतं. घरच्या चायनीजचा मोठा फायदा मला हाच वाटतो.

दोन सावधगिरीच्या सूचना. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा त्यासंबंधी औषधं चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि सोया सॉस बहुतेक वेळा गव्हापासूनही बनतो, तेव्हा ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत. चष्मा लावून वाचावीत!

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. गाडीवाल्यांवर किंवा हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही. त्यांतली कितीतरी पोरं घरदार सोडून लांबून आलेली असतात, रात्री एकपर्यंत त्या भट्टीसमोर उभी असतात. त्यांच्या कष्टाला मी हात जोडतो. कधीतरी बाहेरचं जरूर खावं. फक्त मागवताना तोंड उघडावं. "तळलेलं नको, रंग नको, सॉस कमी, सोबत साधा भात" असं सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून मंचुरियन जन्माला आलं, तर गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून त्यातलं तेलही कमी होऊ शकेल.

आमच्या घरी आता शनिवारचा बेत ठरलेला असतो. थोरला नातू गाजर किसतो, धाकटीकडे आप्पेपात्राचं खातं आहे, गोळा उलटताना फुटला की तो तिथल्या तिथे तिच्या पोटात जमा होतो. चव हॉटेलसारखी लागते का? मुलं म्हणतात, "आजोबा, थोडी वेगळी आहे." वेगळी आहेच. पण ताट एकच आहे, आणि आजी त्याच पंगतीला बसते. "मला नाही गं आवडत" हे वाक्य आमच्याकडे आता ऐकू येत नाही. रक्तदाब एकट्या चायनीजने उतरतो असं मी मुळीच म्हणत नाही, गोळी चालू आहे आणि चालूच राहील. पण पथ्य म्हणजे शिक्षा, ही भावना गेली. आणि ती गेली की माणूस पथ्य जास्त नेटाने पाळतो, असं मी रोज बघतो आहे.

शेवटी कमिटीपुढे एक प्रस्ताव ठेवतो, सूचक मी, अनुमोदन कोणीतरी द्यावं. येत्या कोजागिरीला गच्चीवर आपण भेळ बाहेरून मागवतो, त्याऐवजी घरोघरची आप्पेपात्रं वर आणू. चिराचिरीला ज्येष्ठ नागरिक, किसायला मुलं, कढईवर ज्याच्या मनगटात जोर आहे तो. दुधाच्या आधी गरम सूप आणि मंचुरियन. आणि ज्यांना डॉक्टरांनी 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' म्हणून सांगितलंय त्यांच्यासाठी वेगळं टेबल लावायचं नाही. सगळ्यांसाठी एकच.

इमारतीसाठी आपण दरमहा सिंकिंग फंड भरतो, कारण आज थोडं बाजूला टाकलं की उद्याची मोठी दुरुस्ती टळते. शरीराचंही तसंच आहे, रोजचा एक चमचा तेल आणि एक चिमूट मीठ बाजूला टाकत राहायचं. सुवर्णमहोत्सवाला मी नव्वदी ओलांडलेली असेन. तेव्हाही आपण सगळ्यांनी एकाच पंगतीला बसावं, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

 जय हिंद, जय महाराष्ट्र.